गाडीला कल्हई

मोटारगाडीला कल्हई करून घेणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. अजूनही रोज दाढी करताना तो मला आरशात दिसतो, आणि इतकी वर्षं झाली तरी मला त्याचा राग येतो.

भिलाईत पहिली भट्टी पेटून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढत असे. सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं होतं: दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे मुरमाचं अंगण. बायको पहिल्या बाळंतपणाला नागपूरला माहेरी गेली ती गेलीच. मुलगी झाली, बारसं झालं, महिन्यामागून महिने गेले, पण सासरे तिला पाठवायचं नाव घेईनात. पत्र लिहिलं की त्यांचं एकच उत्तर यायचं. "तिथं धड पानी नाही, रस्ता नाही, जिकडंतिकडं धूळ. तान्ह्या लेकराले अशा ठिकानी कसं पाठवू, तुमीच सांगा."

बायकोची पत्रं वेगळी यायची. मुलगी पालथी पडली. मुलगी बसायला लागली. खालचे दोन दात आले. ही सगळी माहिती मला पोस्टमन द्यायचा. आठ महिन्यांच्या मुलीला मी फक्त एकदा पाहिलं होतं, बारशाला, आणि तेव्हा ती सबंध वेळ झोपलेली होती.

सासरे रेल्वेत गार्ड होते, नुकतेच रिटायर झालेले. नागपूर ते दुर्ग या लाइनीवर त्यांचं आयुष्य गेलं. माणूस मोजकं बोलणारा, पण चकाकीचा भारी नादी. कोटाची पितळी बटणं, हातातला कंदील, शिट्टी, सगळं रोज स्वतः घासायचे. मला पाहायला आले तेव्हा त्यांनी माझ्या शिक्षणाबद्दल एक प्रश्न विचारला आणि मग माझ्या बुटांकडे पाहत बसले. "बुटाची पॉलिश पाहून मानूस समजते," असं नंतर घरी म्हणाले, आणि लग्न ठरलं. हे वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं. तिथंच माझं चुकलं.

त्यांची दुसरी एक गोष्ट मी पाहिली होती, पण ती गाठीला बांधली नाही. लग्नानंतर आम्ही काही दिवस दुर्गला भाड्याच्या खोलीत होतो. भर उन्हाळ्यात ते एकदा लेकीला भेटायला आले. उंबऱ्याशी बसले, घाम पुसला, आणि बायकोनं पाणी पुढे केलं तर हात जोडले. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यांनी पिशवीतून आपला फिरकीचा तांब्या काढला. पितळी, मळसूत्राच्या झाकणाचा, आरशासारखा घासलेला. घोटभर पाणी प्याले आणि झाकण फिरवून तांब्या परत पिशवीत ठेवला. मला त्या तांब्याची चकाकी तेवढी लक्षात राहिली.

गाडी माझ्याकडे आली ती अशी. आमच्या ऑफिसातले एक वरिष्ठ बदली होऊन गेले आणि जाताना त्यांनी आपली जुनी, काळी, विलायती मोटार जवळजवळ माझ्या गळ्यातच बांधली. इंजिन चांगलं होतं. बाकी सगळी रया गेलेली. समोरची जाळी, चाकांच्या टोप्या, दारांवरून जाणाऱ्या पट्ट्या, ह्या सगळ्यांवर एके काळी निकेलचा मुलामा असावा. आता तो खरजेसारखा सुटला होता. बंपर तर गंजून तांबडा झाला होता. पण मला काय वाटलं असेल ते तुमच्या लक्षात आलं असेलच. बुटाची पॉलिश पाहून मुलगी देणारा माणूस, गाडीची चकाकी पाहून मुलगी परत पाठवणार नाही का? मी त्यांना लगेच लिहून टाकलं, गाडी घेतली आहे, एकदा येऊन जा, दुर्गला घ्यायला गाडी घेऊन येतो.

उत्तर आलं. "येतो. राहनं-सवरनं पाहून मग लेकीचं ठरवू. आता नात झाली, तुमच्या घरचं पानी मले चालते. पाहू कसं लागते भिलाईचं पानी." मी पत्रातली तारीख वाचली, आगगाडीची वेळ वाचली, आणि पत्र खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात घातलं. माझ्याकडे दोन आठवडे होते.

पॉलिश पेपर घेऊन मी आधी मुलामा खरवडायला बसलो. रविवार सबंध गेला. बोटांची सालं निघाली. खालून पितळ निघालं, पिवळंधमक, आणि दुसऱ्या दिवशी काळपट पडलं. चिंचेनं घासलं की दिवसभर उजळ, पुन्हा काळपट. गाडी नव्हे, देव्हारा झाला होता. तेवढ्यात आमच्या सेक्टरमध्ये कल्हईवाला आला. शेजारच्या वहिनींची पातेली त्यानं अशी लखलखीत करून दिली की मी बघतच राहिलो. आणि माझ्या डोक्यात तो किडा वळवळला. पातेलं पितळेचं, जाळी पितळेची. पातेल्याला कल्हई होते तर जाळीला का नाही?

कल्हईवाल्यानं जाळी हातात घेतली, उलटीपालटी केली. त्या जाळीच्या उभ्या पट्ट्या चौकटीला झाळून, वितळलेल्या धातूचा डाक देऊन, बसवलेल्या होत्या. त्यानं एका सांध्यावर नख ठेवलं. "साहब, इसका टाँका खुल जाएगा."

"तू कर," मी म्हणालो.

"आग पर रखते ही खुलेगा, साहब. ये बरतन नहीं है."

"मी कारखान्यात काम करतो, मला शिकवू नको," असं मी त्याला मराठीतच सुनावलं. ज्या ठिकाणी दगडाचं लोखंड आणि लोखंडाचं पाणी होतं, त्या ठिकाणी नोकरी करणारा मी. झाळ आधी वितळते हे मला एका भाता फुंकणाऱ्या माणसाकडून कळायला हवं होतं का? हवं होतं. तो सांगतच होता.

चाकांच्या टोप्या झकास झाल्या. त्यानं नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला, कथलाची कांडी टेकवली, कापसाचा बोळा फिरवला, आणि टोपी चांदीची झाली. दारांवरच्या पट्ट्याही झाल्या. मी खुशीत होतो. मग जाळी विस्तवावर गेली आणि एकेक पट्टी खाली गळायला लागली. पहिली, दुसरी, मग एकदम पाच-सहा. कल्हईवाल्यानं भाता थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मला त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं. अकरा सुट्या पट्ट्या आणि एक रिकामी चौकट त्यानं माझ्या हातात दिली.

तो आठवडा मी बांधकामाची तार घेऊन पट्ट्या बांधण्यात घालवला. भिलाईत तेव्हा घरात साखर नसे पण ती काळी तार जिकडंतिकडं पडलेली असे. एक पट्टी घट्ट केली की शेजारची सैल व्हायची. तार दिसू नये म्हणून तिच्यावर चंदेरी रंग दिला. मग म्हटलं रंग उरलाच आहे तर बंपरलाही देऊ. बंपर अंगणात रंगवला, आणि मी पाठ फिरवताच वाऱ्यानं उरलीसुरली कसर भरून काढली. ओल्या रंगावर लाल धूळ येऊन बसली. बंपर गुलाबी झाला. मी तो खरवडला आणि पुन्हा रंगवला. पुन्हा गुलाबी. तिसऱ्यांदा ओली चादर आडवी धरून रंगवला, तेव्हा कुठे त्याला चंदेरी म्हणता आलं. तोही नीट वाळेना. हात लावला की बोटं चंदेरी.

आणि ती धूळ! भिलाईची त्या दिवसांतली धूळ ज्यानं खाल्ली त्यालाच कळेल. कच्च्या रस्त्यांचा लाल मुरूम, त्यावरून अहिवाऱ्याच्या खाणींकडून येणाऱ्या ट्रकांची पांढरी चुनखडी. सकाळी पुसलेली गाडी दुपारी विटेच्या रंगाची. कोरड्या फडक्यानं पुसावं तर ओरखडे पडायचे, म्हणून मी ती रोज धूत असे. सकाळी एक बादली, ऑफिसातून आल्यावर दोन. नळाला पाणी सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, तेही करंगळीएवढ्या धारेनं. शेजारच्या वहिनी आपले हंडे भरता भरता माझ्याकडे बघायच्या. त्या वर्ध्याकडच्या, तोंडानं फटकळ आणि मनानं चांगल्या.

"भाऊजी, काय करून राहिले जी हे? वहिनीले आना आदी. गाडीले काय रोज न्हाऊ घालता!"

"वहिनीला आणण्यासाठीच चाललंय हे," मी म्हणायचो. त्या कपाळाला हात लावायच्या.

सासरे यायच्या आदल्या संध्याकाळी त्या कुंपणाशी आल्या. "उद्या नळ येनार नाही म्हनते. पाइपचं काम हाय. सगळं भरून ठेवा."

मी भरलं. इतका काही मूर्ख नव्हतो. न्हाणीतला पत्र्याचा ड्रम काठोकाठ भरला, स्वयंपाकघरातला माठ भरला, कळशी भरली. सगळ्यावर झाकणं घातली, आणि अंगणात येऊन गाडीकडे पाहिलं. कल्हई चमकत होती. उद्या या वेळेला सासरे हो म्हणालेले असतील, आठ-दहा दिवसांत मुलगी या अंगणात रांगेल, असं माझ्या मनात आलं. मुरमावर तिचे गुडघे सोलतील, तेव्हा एक सतरंजी बघायला हवी, इथपर्यंत मी विचार केला होता.

सकाळी उठून पाहतो तर गाडी लाल. पहाटे वावटळ येऊन गेली होती. नुसती धूळ नव्हे, न वाळलेल्या रंगात घट्ट बसलेली धूळ. माझं डोकंच फिरलं. मी ड्रममधून बादली भरली. धुतलं. ओघळ वाळले आणि त्यांचे डाग पडले. पुन्हा धुतलं. टोप्यांवरची कल्हई करडी दिसायला लागली होती, म्हणून राख आणि चिंच घेऊन बसलो. घासता घासता कल्हईच निघाली आणि खालून पिवळं पितळ दिसायला लागलं. माझं पितळ उघडं पडलं म्हणा. मी आणखी जोरानं घासलं, जणू जोर लावला की कथील परत उगवणार होतं. बादलीमागून बादली गेली. ड्रम तिरपा करून तळाचं पाणी काढलं. कळशी संपली. घड्याळात पाहिलं, निघायला वीस मिनिटं. काचांवर अजून ओघळ होते. मी माठ उचलून आणला. आता हे सांगताना मला माझाच हात धरावासा वाटतो. पण तेव्हा माझ्या मनात एकच होतं: काच. माठातल्या गार पाण्यानं काच मात्र स्वच्छ निघाली.

दुर्गच्या फलाटावर सासरे उतरले. पांढरं शुभ्र धोतर, काळी टोपी, खांद्याला पिशवी. गाडीपाशी आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टोप्या पाहिल्या, जाळी पाहिली. बंपरला टेकून वाकून खाली, इंजिनाच्या बाजूला पाहिलं. "धावते ना बरोबर?" एवढंच विचारलं आणि दार उघडून बसले. त्यांच्या धोतरावर गुडघ्यापाशी वीतभर चंदेरी पट्टा उमटला होता. मी तो पाहिला आणि घाईनं गाडी सुरू केली.

अर्ध्या रस्त्यात समोरून खणखण ऐकू यायला लागलं. मी दुर्लक्ष केलं. गार्डाचा कान कुठला दुर्लक्ष करतो!

"काहीतरी वाजून राहिलं, जवाईबापू. थांबवा."

थांबवली. ते स्वतः उतरले. जाळीची एक पट्टी तारेतून निसटून लोंबत होती. त्यांनी ती अलगद सोडवली, तार पाहिली, तारेवरचा रंग पाहिला. "कावून केलं हे येवढं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरोखरच कळत नव्हतं त्यांना.

"जुनी दिसत होती, मामाजी. तुम्ही येणार म्हणून..."

"मी काय गाडी पाहाले आलो?" असं म्हणून ते परत बसले. ती पट्टी त्यांनी घरापर्यंत मांडीवर धरून ठेवली. दोन आठवड्यांची माझी मेहनत त्यांच्या मांडीवर आडवी पडली होती आणि मला इतका संताप आला होता की गाडी नाल्यात घालावी. पण कोणावर आला होता ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

घरी आलो. ते उंबऱ्याशी थांबले. पायांवर लाल मुरूम होता, त्यांना पाय धुवायचे होते. मी न्हाणीकडे गेलो, ड्रमचं झाकण उचललं, आणि तिथं उभं राहिल्यावर मला सकाळ आठवली. तळाशी ओला पत्रा. मी स्वयंपाकघरात गेलो. माठ उपडा होता, मीच तो उपडा ठेवला होता.

बाहेरून त्यांचा आवाज आला. आवाज खुशीत होता, तसा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "पाय मंग धुतो. आदी गिलासभर पानी आना, जवाईबापू. आज पयल्यांदा लेकीच्या घरचं पानी पितो मी."

मी मागच्या दारानं पळालो. वहिनींनी माझं तोंड पाहिलं आणि कळशी भरून दिली. मी मागूनच परत आलो, पण पुढच्या खोलीची खिडकी उघडी होती आणि सासरे आत येऊन तिच्यासमोर उभे होते. त्यांनी मला कुंपण ओलांडताना पाहिलं होतं. मग ते सरळ स्वयंपाकघरात आले. माठ पाहिला, न्हाणीत डोकावले, ड्रम पाहिला. दाराबाहेर गाडी धुतली त्या जागचा मुरूम अजून ओला होता. तोही पाहिला.

"बाईच्या घरून आनलं काय?"

"हो."

"परत देऊन या. तिचे लेकरं असन. त्याइले लागन."

मी परत देऊन आलो. वहिनी दारातच होत्या, त्यांनी कळशी घेतली आणि मान खाली घातली. मी आलो तेव्हा सासरे खुर्चीवर बसून पिशवी उघडत होते. फिरकीचा तांब्या बाहेर आला. त्यांनी झाकण फिरवलं, झाकणातच पाणी ओतलं आणि प्याले. मग पुन्हा ओतलं आणि माझ्यापुढे धरलं.

"घ्या. सकाळपासून तुमीबी पेलेले दिसत नाही."

खरं होतं. मी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मी ते नागपूरचं पाणी माझ्या घरात, सासऱ्यांच्या हातून प्यालो. आयुष्यात मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नाही.

ते संध्याकाळच्या आगगाडीनं परत गेले. लेकीबद्दल ते बोलले नाहीत आणि मला विचारायचा धीर झाला नाही. स्टेशनवर उतरताना जाळीची ती पट्टी त्यांनी जपून सीटवर ठेवली आणि म्हणाले, "गाडी चांगली आहे. सांभाळा."

पुढच्या आठवड्यात बायकोचं पत्र आलं. मुलगी भिंत धरून उभी राहते. बाबा आल्यापासून गप्प आहेत, तुमचं काही बोलणं झालं का? त्या पत्राला मी खोटं उत्तर लिहिलं. त्या दिवसापासून ड्रम मात्र कधी रिकामा राहिला नाही. नळ यायच्या आधी मी बादली घेऊन उभा असायचो. गाडी धुळीत उभी राहिली, टोप्या काळ्या पडल्या, जाळीच्या पट्ट्या एकेक करून गळून गेल्या. सासऱ्यांना मी दर पत्रात पाण्याचं लिहायचो. त्यांची उत्तरं प्रकृतीबद्दल असायची.

दिवाळीनंतर बायको आली. सासऱ्यांनी पाठवलं, कारण विचारू नये असं माझ्या मनानं मला सांगितलं. दुर्गहून येताना तिनं गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. घरात शिरली ती तशीच न्हाणीत गेली आणि ड्रमचं झाकण उचललं. पाणी काठाला होतं. तिनं झाकण परत ठेवलं, पदरानं हात पुसला आणि म्हणाली, "बाबांनी सांगितलं होतं, पाणी असलं तरच पेटी उघड, नाही तर त्याच पावली परत ये."

तिच्यामागे दारात मुलगी उभी होती. मी हात पुढे केले तर ती आईच्या लुगड्याआड गेली, आणि आई आत गेली तशी तिच्यामागून चालत आत गेली. सरळ, कशाचाही आधार न घेता. मी तिला चालताना पहिल्यांदाच पाहत होतो. मी बायकोला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "महिना झाला. बाबांच्या अंगणात, त्यांच्या हातातून सुटून माझ्याकडे आली."